नोंद झाली, तोड कधी?

रांजणगावच्या एमआयडीसीतून नव्या गाड्यांनी भरलेला कंटेनर नगर रस्त्याला लागला, की कारेगावच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या चार-दोन माना हमखास वळतात. त्यांतल्या एकाने नेक्सॉन बुक केलेली असते. कंटेनरच्या जाळीतून तो आपला रंग शोधतो. "वरच्या मजल्यावरची, मागून दुसरी. तीच तुमची," असं शेजारचा छातीठोकपणे सांगतो. तोवर कंटेनर पुण्याच्या दिशेने निघून गेलेला असतो. गाडी बनते शिरूर तालुक्यात, तिचा होणारा मालक राहतो शिरूर तालुक्यात, दोघांमधलं अंतर वीस किलोमीटरच्याही आतलं. तरी गाडीला आधी पुण्याला जायचं असतं आणि मालकाने तिच्यामागून जायचं असतं. परत येताना ती ज्या फाटकातून बाहेर पडली, त्याच फाटकावरून हार घालून जाते. एखादा सुरक्षारक्षक ओळखीचं हसला, तर त्यात नवल नाही.

हा कारखाना फियाट आणि टाटा यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतला. इथे नेक्सॉन तयार होते आणि जीप कंपासही. ही कंपास २०१७ पासून जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत निर्यात झाली, कारण त्या देशांतही स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. म्हणजे रांजणगावच्या गाडीला समुद्र ओलांडायचं गणित जमतं. घोड नदीपर्यंत यायचं म्हटलं, की मात्र प्रकरण वेगळ्याच टेबलावर जातं.

त्या टेबलाचं कामकाज असं. कारखाना गिऱ्हाइकाला गाडी विकत नाही, डीलरला विकतो. डीलरच्या नावावर बिल फाटतं, गाडी यार्डात जाते, मग 'अलॉटमेंट' पडते. म्हणजे अमुक चेसिस नंबर अमुक बुकिंगला चिकटतो. त्यानंतर बँकेचा डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, विमा, पासिंग. यातलं एकही पाऊल गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याच्या हातात असते एक पावती आणि शोरूममधल्या एका पोराचा मोबाइल नंबर. पोरगा बिचारा सज्जन असतो. गाडी कधी येणार हे त्यालाही माहीत नसतं, पण तसं म्हणायची त्याला परवानगी नसते. मग संवाद साधारण या वळणाने जातो:

"दादा, गाडी ट्रान्झिटमध्ये आहे."

"आरं, पण ट्रान्झिट म्हंजी नक्की कुठं? मी कंपनीच्या गेटवरच उभा हाय."

"तसं नाही दादा. तुमचा व्हेरिएंट पुढच्या लॉटमध्ये आहे."

"मग आत्ता गेला तो लॉट कुणाचा व्हता?"

"तो पांढऱ्या रंगाचा, दादा. तुम्ही निळा सांगितलाय. पांढरा चालत असेल तर आठवड्यात करून देतो."

इथे भलेभले विरघळतात. या भागातल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या इतक्या का दिसतात, याचं उत्तर काही अंशी या फोनमध्ये आहे. पांढऱ्यावर धूळ दिसत नाही, असं कारण सांगायची पद्धत आहे. पुढाऱ्यांची गाडी पांढरी असते, हे कारण सांगायची पद्धत नाही.

वाट पाहायला लावण्याची कला मोटार कंपन्यांनी काल-परवा शोधली, असं मात्र कुणी समजू नये. रांजणगावच्या या कारखान्याच्या घराण्यातच ती आहे. १९९६ साली फियाटची उनो मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाजारात यायची होती. लोकांनी अक्षरशः झुंबड उडवली; बुकिंगचा आकडा तीन लाखांच्या जवळ गेला. तेवढ्यात कामगारांचा संप झाला आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्ष हातात पडलेल्या गाड्या भरल्या सहाशेच्या आसपास. म्हणजे पावती फाडलेल्या दर पाचशे माणसांमागे एकाला गाडी मिळाली आणि उरलेल्या चारशे नव्व्याण्णवांना विषय मिळाला. पुढे फियाटने कुर्ला सोडलं आणि रांजणगावला बस्तान बसवलं. तिथला महागणपती विघ्नहर्ता आहेच, पण सोबत आलेलं सामान बरंच असावं.

त्याआधीच्या पिढीकडे आकुर्डीची बजाज चेतक होती. १९७२ साली ती आली. परवाना राज असं, की किती स्कूटर बनवायच्या हे कारखानदाराने नव्हे, दिल्लीने ठरवायचं. जास्त बनवल्या तर शाबासकी नाही, नोटीस. त्यामुळे काही ठिकाणी प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत गेली. परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर लवकर मिळायची. त्यामुळे आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या मेव्हण्याला सासरी भलताच मान चढला. आणि सगळ्यांत मजेदार गोष्ट म्हणजे वापरलेली चेतक नव्या चेतकपेक्षा महाग जायची. तिकडे पूर्व जर्मनीत ट्राबांट नावाच्या मोटारीचंही हेच होतं, दहा वर्षांहून लांब रांग आणि जुनीला नवीपेक्षा जास्त भाव. समाजवाद बर्लिनचा असो की आकुर्डीच्या फाटकावरचा, सेकंडहँडवाल्याचं भलं दोन्हीकडे झालं.

परवाने गेले, बाजार मोकळा झाला. मग २०१९-२० मध्ये चेतक विजेवर परत आली, सुरुवात पुणे आणि बंगळुरूपासून. २०२१ च्या एप्रिलमध्ये बुकिंग पुन्हा उघडलं आणि अठ्ठेचाळीस तासांत बंद करावं लागलं. २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा चेतकचं उत्पादन पुन्हा अडखळलं. पूर्वी दिल्लीची सही लागायची, आता बीजिंगची लागते. स्कूटर तीच.

या सगळ्यांत सभ्य निघाली ती टाटांची नॅनो. २००९ च्या एप्रिलमध्ये दोन लाखांवर लोकांनी ती बुक केली. पहिल्या एक लाख जणांची निवड संगणकाच्या सोडतीने झाली, आणि पुढे थांबायला तयार असलेल्यांच्या पैशांवर कंपनीने चक्क व्याज देऊ केलं. वाट पाहण्याचे पैसे मिळतात, ही कल्पना ऊस उत्पादकाला फार जवळची वाटली असेल. कारण त्याच्या बाबतीत ती कायद्यातच लिहिलेली आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. कायदा स्पष्ट आहे. बिल कधी निघालं, हा प्रश्न पाटस किंवा न्हावऱ्यात चारचौघांत विचारून पाहावा, करमणुकीची खात्री आहे.

आणि इथेच शिरूर-दौंडचा माणूस मोटारीच्या बाबतीत इतरांपेक्षा वेगळा ठरतो. पुण्यात कोथरूडच्या संगणक अभियंत्याला बारा महिने थांबा असं सांगितलं, की त्याचा रक्तदाब वाढतो; तो ईमेल लिहितो, ग्राहक मंचाचा पत्ता शोधतो. दौंडचा बागायतदार मान डोलावतो. त्याला हे सगळं ओळखीचं आहे. ऊस लावला, की कारखान्याकडे नोंद करायची. लागवडीच्या तारखेप्रमाणे तोडीचा कार्यक्रम लागतो, असं कागदावर असतं. मग टोळी येत नाही. टोळी आली तर गाडी येत नाही. कारखान्याचा चिटबॉय म्हणतो, परवा. तोवर मागून लावलेल्या कुणाच्या तरी फडात कोयते चालू झालेले असतात, कारण त्याचा चुलता संचालक. 'बुकिंग', 'अलॉटमेंट', 'पुढचा लॉट' हे शब्द नवे असतील, पण नोंद झाली, तोड कधी, हा प्रश्न त्याच्या आजोबापासूनचा आहे. फरक इतकाच, की तोड लांबली तर उसाला तुरा येतो आणि वजन घटतं. गाडी लांबली तर किंमत वाढते.

किंमत वाढते ही अतिशयोक्ती नव्हे. बुकिंग आज, किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची, हा बहुतेक कंपन्यांचा नियम. चाकणच्या कारखान्यातून येणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडलं. सत्तावन्न मिनिटांत पंचवीस हजार गाड्या बुक झाल्या. सुरुवातीची किंमत त्या पंचवीस हजारांनाच. त्यानंतर आलेल्याला चढी किंमत. पुढच्या वर्षी ३० जुलैला स्कॉर्पिओ-एनने कमालच केली. सकाळी अकराला खिडकी उघडली, पहिल्या मिनिटात पंचवीस हजार आणि अर्ध्या तासाच्या आत एक लाख. स्वस्त किमतीच्या पंचवीस हजारांत बसायचं, तर हाताशी एक मिनिट होतं. ज्या गावात ओटीपी यायला चार मिनिटं लागतात आणि त्यासाठी टाकीवर चढावं लागतं, तिथल्या उमेदवारांच्या शक्यता काय होत्या, ते वेगळं सांगायला नको.

पण लोक थांबले, आणि हौसेने थांबले. एकवीस हजारांचं टोकन, परत मिळणारं. एक्सयूव्हीच्या वरच्या मॉडेलला दीड वर्ष आणि त्याहूनही जास्त सांगितलं जात होतं. म्हणजे आडसाली उसाची लागण करताना गाडी बुक करावी, तर ऊस तुटून जावा आणि गाडीचा पत्ता नसावा. पुढचा खोडवा फुटायला लागला, की शोरूममधून फोन: "दादा, तुमचा नंबर वर आलाय." २०२३ च्या मे महिन्यात महिंद्राकडे अशी पावणेतीन लाखांहून जास्त बुकिंगं तुंबली होती, मारुतीकडचा आकडा चार लाखांच्या आसपास होता.

कारण काय, तर चिप. हे कारण गावात पटायला फार वेळ लागला. एवढं मोठं लोखंडी धूड, आणि ते नखाएवढ्या तुकड्यासाठी अडून बसतं, हे ज्या माणसाने डिझेल इंजिन तारेने बांधून चालवलंय त्याला कसं पटावं? पण घडलं ते असं: २०२० च्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. घरात कोंडलेल्या जगाने त्याच वेळी लॅपटॉप आणि मोबाइल घ्यायचा सपाटा लावला, म्हणून चिपवाल्यांनी तो माल तिकडे वळवला. मोटारवाले परत आले तेव्हा रांगेत सगळ्यांत मागे. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका कारखान्याला आग लागली आणि मोटारीच्या चिपचा मोठा पुरवठादार काही महिने अडखळला. एक चिप तयार व्हायलाच तीन-चार महिने लागतात आणि आजच्या गाडीत त्या हजारावर असतात. आग लागली जपानमध्ये, आणि धूर निघाला केडगावच्या सुनेच्या माहेरच्यांच्या डोक्यातून, कारण लग्नात दाखवायची स्कॉर्पिओ पुढच्या लॉटमध्ये गेली होती.

थांबायची सवय असली, तरी या भागातला माणूस हात जोडून थांबत नाही. उसाची नोंद दोन कारखान्यांकडे करून ठेवायची आणि ज्याची टोळी आधी येईल त्याला ऊस द्यायचा, ही जुनी रीत. तीच इथेही. शिरूर हद्दीवरचं गाव; एक बुकिंग पुण्याच्या बाजूला, एक नगरला. दौंडला हडपसर आणि बारामती असे दोन दरवाजे. एक बायकोच्या नावावर, एक भावाच्या. टोकन परत मिळतंच. असं प्रत्येकाने केल्यावर रांग किती फुगली असेल आणि त्यातली खरी माणसं किती, हा हिशेब डीलरनेही नंतर सोडून दिला असावा. रांगेबद्दल सगळ्यांत जास्त तक्रार करणारा गृहस्थ रांगेत तीन ठिकाणी उभा असतो, हे मात्र लक्षात ठेवायला हरकत नाही.

ज्याला हेही जमत नाही, त्याच्यासाठी गुऱ्हाळ आहे. दौंड तालुक्यात केडगाव, राहू, पिंपळगाव या पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी कायम दिसतात. कारखान्याची तोड येईना आणि पैशांची नड असेल, तर ऊस गुऱ्हाळावर जातो. भाव कमी-जास्त, पण पैसे रोख आणि काम लगेच. मोटारीच्या दुनियेत हे काम सेकंडहँडवाला करतो. दीड वर्ष थांबण्यापेक्षा दहा हजार किलोमीटर पळालेली गाडी आजच्या आज, नव्याच्या भावात. २०२२ मध्ये ताज्या गाड्या अशा गेल्या आणि चेतकच्या काळातले म्हातारे मिशीत हसले.

याहून जलद मार्ग एकच, बैल. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि सहाच महिन्यांत, मे २०२२ मध्ये, पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीतल्या शर्यतीत बक्षिसं लागली जेसीबी, बोलेरो आणि ट्रॅक्टरची. माणसाला चारचाकी मिळायला महिने आणि बैलाला काही सेकंद. शिवाय बैलाला रंग विचारला जात नाही.

एवढं करून गाडी आलीच, तर ती पितृपक्षात येते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की यार्डातल्या कुणाला तरी पंचांग वाचायला पगारावर ठेवलं असावं. ज्या गिऱ्हाइकाने रोज फोन करून जीव काढला, तोच आता म्हणतो, "आता नको, पंधरा दिवस राहू द्या तिथंच." शोरूमच्या मागच्या आवारात अशा तयार गाड्या घटस्थापनेपर्यंत धूळ खात बसतात. २०२५ मध्ये तर सरकारनेच ही वेळ साधली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं, आणि त्या दिवसापासून गिऱ्हाईक गप्प. ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले: लहान गाड्यांना अठरा टक्के. लागू कधी? २२ सप्टेंबर, घटस्थापना. त्याआधीचे पंधरा दिवस पितृपक्ष. अर्थखात्याने मुहूर्त काढून घेतला की नाही, याची कागदोपत्री नोंद नाही. पण शोरूमवाल्यांना महिनाभर गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागली. वर्षानुवर्षं 'पुढच्या लॉटमध्ये' म्हणणाऱ्यांना "दादा, पुढच्या महिन्यात बघू" हे ऐकावं लागलं, आणि हे पाहून कुणाला वाईट वाटल्याचं ऐकिवात नाही.

मुहूर्ताची अट आली, की सगळा तालुका एकाच दिवशी गाडी मागतो. दसरा, पाडवा, अक्षय तृतीया. नंबर पडून पाटी लागल्याशिवाय शोरूमने गाडी रस्त्यावर सोडायची नाही, असा नियम. त्यामुळे दसऱ्याच्या आदल्या रात्री संगणकासमोर बसलेली शोरूमची पोरं पाहावीत. गिऱ्हाईक बाहेर सोफ्यावर, नंबरावर चर्चा चालू. शिरूरला एमएच १२, दौंडला बारामतीचं एमएच ४२. एकेकाळी ४१४१ घेऊन 'दादा', ४९१२ घेऊन 'पवार' आणि देवनागरी २१४ घेऊन 'राम' अशा पाट्या रंगवता येत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कंपनीचीच हाय सिक्युरिटी पाटी येते, त्यामुळे ती कला मेली. हौस मेली नाही. पुण्यात चारचाकीला ०००१ हवा असेल, तर २०२४ च्या ऑगस्टपासून सहा लाख मोजावे लागतात. तेवढ्यात आणखी एक लहान गाडी येते. अर्थात तिलाही वेटिंग असणार.

शेवटी तो दिवस येतो. एका गाडीसाठी तीन गाड्या भरून माणसं जातात. गाडीवर लाल सॅटिनचं कापड, बाजूला केक, हातात पुठ्ठ्याची दोन फुटी चावी. आजी चाकाखाली लिंबू ठेवते. शोरूमच्या चकचकीत फरशीवर रस सांडतो आणि एक मुलगा फडकं घेऊन तयारच असतो. नारळ गाडीवर नव्हे, बाहेर फोडायचा, याची दोनदा आठवण करून दिली जाते. घरातलं पोरगं सनरूफमधून डोकं बाहेर काढतं आणि ते आत घ्यायला लावायला पुढचा अर्धा तास जातो. शिरूरची मंडळी मग महागणपतीला थांबतात, दौंडची भीमा ओलांडून सिद्धटेकला.

निघता निघता शोरूममधला तो सज्जन पोरगा मालकाला बाजूला घेतो. "दादा, कंपनीचा फोन येईल. दहापैकी किती म्हणून विचारतील. दहाच सांगा. नऊ सांगितले तरी माझा इन्सेंटिव्ह कापतात." वर्षभर ज्याचा उद्धार केला त्या पोराच्या खांद्यावर मालक हात ठेवतो आणि दहा द्यायचं कबूल करतो. त्यालाही इलाज नसतो. धाकट्या भावाची थार रॉक्स याच पोराकडे बुक केलेली आहे.